अभियांत्रिकीच्या मुलांसाठी नोकरीपूर्व मार्गदर्शन : राजारामपुरीतील एका वर्गाचे परीक्षण

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मुलांना नोकरीसाठी तयार करून देण्याचे वर्ग कोल्हापुरात, विशेषतः राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये, अलीकडे बरेच निघाले आहेत. त्यांपैकी एका वर्गात माझ्या मुलाने यंदा प्रवेश घेतला होता. तो यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात आहे. वर्गाचे नाव मी येथे मुद्दामच देत नाही. प्रवेशापूर्वी आसपासच्या इतर वर्गांची माहितीपत्रके चाळली होती, आणि सर्वांचा साचा जवळपास एकच असल्याचे तेव्हाच लक्षात आले होते. त्यामुळे या परीक्षणाचा उपयोग त्यांपैकी कोणत्याही वर्गाची पायरी चढणाऱ्याला व्हावा, असा हेतू आहे.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आस्थापना आणि पगारपत्रकाचे काम पाहते. नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यांची नेमणूकपत्रे माझ्याच टेबलावर तयार होतात, आणि त्यांतल्या काहींचे राजीनामे वर्ष पुरे होण्याच्या आत त्याच टेबलावर येतात. त्यामुळे मुलांना नोकरीबद्दल काय सांगितले जाते आणि प्रत्यक्षात त्यांच्या पदरी काय पडते, याकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहते. वर्गाने रविवारच्या सत्रांना पालकांना मागच्या बाकांवर बसू दिले, हे त्यांच्या मोकळेपणाचे लक्षण मानावे लागेल. त्या सवलतीचा मी पुरेपूर लाभ घेतला.

वर्ग शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी भरतो. एका तुकडीत साधारण चाळीस मुले असतात आणि त्यांत संगणक, यंत्र, विद्युत, स्थापत्य अशा सर्व शाखा एकत्र असतात. शुल्क १२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १४,१६० रुपये. पावती रीतसर मिळते. या शुल्काच्या मोबदल्यात रेझ्युमे तयार करणे, अॅप्टिट्यूड चाचणी, इंग्रजी संभाषण, सराव मुलाखती, ऑफर लेटरची ओळख आणि ‘पुढील संधी’ या विषयावरील व्याख्याने एवढे मिळते. माझे मत आधीच सांगून टाकते : सराव मुलाखती आणि ऑफर लेटरचे सत्र या दोन गोष्टी इतक्या चांगल्या आहेत की केवळ त्यांच्यासाठी निम्मे शुल्क आनंदाने द्यावे. उरलेल्या निम्म्या शुल्कात जे मिळते, ते महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाकडून फुकट मिळते किंवा मिळाले नाही तरी फारसे बिघडत नाही.

रेझ्युमेच्या सत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एक ठरावीक आराखडा दिला जातो, मुले त्यात आपली माहिती भरतात, आणि चाळीस मुलांचे चाळीस रेझ्युमे नाव सोडले तर ओळखू येणार नाहीत इतके एकसारखे होतात. प्रत्येकाच्या आरंभी ‘उद्दिष्ट’ म्हणून चार ओळींचा भारदस्त मजकूर असतो आणि तो बहुतेकांनी एआयकडून लिहून घेतलेला असतो. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांमधला तो भाग मी कधी वाचतही नाही. कारखान्यातला विभागप्रमुख प्रकल्प कोणता केला, इंटर्नशिप कोठे केली आणि त्यात स्वतःच्या हाताने काय केले, एवढेच शोधत असतो. चौघांच्या गटाने केलेल्या प्रकल्पात आपला वाटा कोणता, हे एका वाक्यात लिहायला या वर्गाने शिकवले असते तर त्या सत्राचे चीज झाले असते.

अॅप्टिट्यूडचा भाग मात्र वर्गाने अकारण फुगवला आहे. शनिवारची जवळजवळ सगळी दुपार काळ-काम-वेगाची गणिते, घड्याळाचे काटे आणि नातेसंबंधांची कोडी यांत जाते. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या सरसकट भरतीत पहिली चाळणी या चाचणीचीच असते, हे खरे आहे, आणि गेट या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या १०० गुणांपैकी १५ गुणही सामान्य अॅप्टिट्यूडला असतात. परंतु ही तयारी घरी बसून, मोबाईलवरच्या मोफत सराव प्रश्नपत्रिका सोडवूनही होते. तिच्यासाठी गारगोटीहून किंवा गडहिंग्लजहून एसटीने येणाऱ्या मुलांचे शनिवार खर्ची घालण्याची गरज नाही. शिकवणारे तरुण आहेत, उत्साही आहेत, त्यांच्या क्लृप्त्याही उपयोगी आहेत. माझी तक्रार त्यावर जाणाऱ्या वेळेबद्दल आहे.

इंग्रजी संभाषणाच्या सत्राबद्दल मात्र दोन्ही बाजू सांगायला हव्यात. पहिले काही तास ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचे उत्तर घोकून घेण्यात गेले. परिणामी, एकामागून एक उभे राहिलेले प्रत्येक मूल आपण कष्टाळू, लवकर शिकणारे आणि संघात मिळूनमिसळून काम करणारे असल्याचे त्याच सुरात सांगू लागले. मुलाखत घेणाऱ्यावर या उत्तराचा काय परिणाम होतो, हे मी अनुभवाने सांगू शकते : तो पुढचा रेझ्युमे उघडतो. पुढे शिक्षक बदलले आणि नव्या बाईंनी वेगळीच रीत धरली. त्यांनी प्रत्येकाला आपल्या शाखेतील एखादे यंत्र, परिपथ किंवा प्रोग्रॅम निवडायला सांगितले, तो कसा चालतो हे आधी मराठीतून सर्वांना समजेल असे सांगायला लावले, आणि त्यानंतर तेच इंग्रजीतून, फळ्यावर आकृती काढत, तीन मिनिटांत मांडायला लावले. ज्या मुलांची पहिल्या सत्रात बोबडी वळली होती, तीच मुले विषय हातात आल्यावर बऱ्यापैकी बोलली, कारण त्यांना वाक्य आठवायचे नव्हते, वस्तू समजावून द्यायची होती. एका मुलीने शेतातल्या पंपाचा स्टार्टर इतका नीट समजावला की मागे बसलेल्या दोन पालकांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी याहून चांगला सराव मला सुचत नाही. ही रीत पहिल्या दिवसापासून का अवलंबली नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आता सराव मुलाखतींकडे वळते. सॉफ्टवेअरच्या मुलांच्या मुलाखती पुण्यात काम करणारे दोन तरुण अभियंते ऑनलाइन घेतात. प्रकल्पाचा कोड पडद्यावर उघडायला सांगून ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असे ते विचारतात. तयार प्रकल्प विकत घेऊन सादर करण्याची जी रीत आता सर्रास झाली आहे, तिचे पितळ या एका प्रश्नाने उघडे पडते. त्या मुलांचे चेहरे पाहून वाईट वाटले. परंतु हा प्रसंग खऱ्या मुलाखतीत ओढवण्यापेक्षा येथे ओढवला हे बरेच झाले.

यंत्र शाखेच्या मुलाखती मात्र एका मशीन शॉपमधून निवृत्त झालेले गुणवत्ता विभागाचे प्रमुख घेतात, आणि त्या पाहण्यासाठी मी पुन्हाही जाईन. ते पिशवीतून आपले सामान घेऊन येतात : रिजेक्ट झालेले एक कास्टिंग (साच्यात ओतून बनवलेला धातूचा भाग), एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर आणि घड्या पडलेले एक ड्रॉइंग. मुलगा समोर बसला की रेझ्युमे बाजूला ठेवून ते कास्टिंग त्याच्या हातात देतात.

‘काय आहे हे?’

‘कास्टिंग आहे, सर.’

‘कशाचं?’

‘लोखंडाचं.’

‘कुठल्या लोखंडाचं? ड्रॉइंगवर एफजी २६० लिहिलंय. २६० म्हणजे काय?’

येथे बहुतेक मुले अडखळतात. आयएस २१० या भारतीय मानकानुसार करड्या बिडाच्या या प्रतीतील २६० हा आकडा किमान तन्य बलाचा (ओढ सोसण्याच्या ताकदीचा), म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २६० न्यूटन, असतो. पुस्तकात हे सर्वांनी वाचलेले असते, पण वस्तू हातात असताना तो आकडा आठवत नाही. मग ते कास्टिंगमधल्या छिद्राकडे बोट दाखवतात आणि हा ब्लोहोल आहे की श्रिंकेज, असे विचारतात. आतली भिंत गुळगुळीत आणि गोलसर असेल तर वायू अडकून पडलेला आहे, आणि शोध वाळूतल्या ओलाव्यापासून सुरू करायचा. आतला भाग खडबडीत, दाणेदार असेल आणि छिद्र जाड भागात असेल तर गोठताना आकसणाऱ्या धातूला पुरेसा रस पोहोचलेला नाही, आणि शोध रायझरपासून, म्हणजे जादा रस पुरवणाऱ्या साच्यातील पोकळीपासून, सुरू करायचा. माझ्या मुलाने घाईघाईत श्रिंकेज म्हटले. त्यावर त्यांनी रागावण्याऐवजी त्याला खिशातली टॉर्च दिली आणि आत पाहून पुन्हा सांगायला लावले.

त्यानंतरचा प्रश्न याहून साधा आणि याहून अवघड होता. ड्रॉइंगवर २५ एच७ असा बोअर, म्हणजे गोल छिद्र, होता. एच७ म्हणजे तो बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आतच बसला पाहिजे. टेबलावर ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाचा व्हर्नियर आणि ०.०१ लघुतम मापाचा बाहेरून माप घेणारा मायक्रोमीटर ठेवलेला होता. ‘यातलं काय घेशील?’ असे त्यांनी विचारले. काही मुलांनी व्हर्नियर उचलला, काहींनी मायक्रोमीटर. खरे उत्तर असे होते की दोन्ही उपयोगाचे नाहीत, कारण व्हर्नियरचे लघुतम मापच जवळजवळ पूर्ण टॉलरन्सएवढे, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाएवढे, आहे आणि हा मायक्रोमीटर बोअरच्या आत जात नाही. तेव्हा बोअर गेज किंवा प्लग गेज मागितला पाहिजे. समोर ठेवलेल्या दोहोंपैकीच एक निवडले पाहिजे असे नसते आणि योग्य साधन मागून घेणे हा कामाचाच भाग असतो, हे चार वर्षांत त्यांना कोणी सांगितले नसावे. प्रत्येक मुलाला त्यांनी वीस मिनिटे दिली आणि शेवटी काय वाचायचे ते कागदावर लिहून दिले. स्थापत्य आणि विद्युत शाखेच्या मुलांना मात्र अशा तोडीचा मुलाखतकार मिळाला नाही. त्यांच्या मुलाखती वर्गाच्या संचालकांनीच सर्वसाधारण प्रश्न विचारून उरकल्या. शुल्क सर्वांना सारखेच असताना ही तफावत खटकते.

ऑफर लेटरच्या सत्राबद्दल मी साशंक होते, कारण हा माझा रोजचा विषय आहे आणि या विषयावर ऐकीव गोष्टी फार चालतात. सत्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगले निघाले. शिकवणाऱ्यांनी नाव खोडलेले एक खरे ऑफर लेटर प्रत्येकाच्या हातात दिले. सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, वार्षिक ३,६०,००० रुपये, म्हणजे महिना ३०,०००. ‘तुमच्या खात्यात किती येणार?’ असे विचारल्यावर बहुतेकांनी २८ हजारांच्या आसपासचे आकडे सांगितले. मग त्यांनी फळ्यावर एकेक रक्कम वजा करत नेली. त्यांतले ३,००० रुपये व्हेरिएबल, म्हणजे कंपनीची आणि तुमची कामगिरी पाहून वर्षाअखेर मिळणारे, ते दरमहा येणार नाहीत. मूळ वेतन १५,००० धरल्यास मालकाच्या वाट्याचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी १,८०० रुपये, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानाची, तरतूद ७२१ रुपये, तीही सीटीसीत. गट विम्याचा हप्ता ५०० रुपये. उरले २३,९७९. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेला की खात्यात २१,९७९ रुपये येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये कापला जातो, म्हणजे त्या महिन्यात आणखी शंभर कमी. वर्गात एकदम शांतता पसरली. पुण्यातल्या खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि महिन्यातून एकदा घरी येण्याचा खर्च या २२ हजारांतून कसा भागवायचा, हा हिशेब प्रत्येकजण मनातल्या मनात करत असावा.

येथे मी हात वर करून एक भर घातली. महाराष्ट्रात २०२३ पासून महिलांना दरमहा २५ हजार रुपयांपर्यंतच्या वेतनावर व्यवसाय कर लागत नाही, त्यामुळे वर्गातल्या मुलींच्या खात्यात हीच रक्कम २०० रुपयांनी जास्त येईल. शिकवणाऱ्यांनी ते ताबडतोब फळ्यावर लिहून घेतले. आणखी एक दुरुस्ती त्यांच्या टिपणांत व्हायला हवी. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षे नोकरी हवी, असे त्यांनी १९७२ च्या कायद्याच्या आधारे सांगितले. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या असून त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. नव्या मुलांना अशी मुदतीची नेमणूक देण्याकडे कंपन्यांचा कल असल्यामुळे हा बदल त्यांच्याच कामाचा आहे.

बॉण्डबद्दल, म्हणजे ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याच्या कराराबद्दल, त्यांनी सांगितलेले मात्र तंतोतंत बरोबर होते, आणि ते सांगण्याची गरजही होती, कारण ‘बॉण्डला कायद्यात काही अर्थ नसतो, बिनधास्त सही करा’ हा सल्ला वसतिगृहांतून सर्रास दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. दुसऱ्या बाजूने, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी असेल तेवढीच रक्कम देववते. म्हणजे बॉण्ड हा बागुलबुवाही नाही आणि रद्दीचा कागदही नाही. प्रशिक्षणावर कंपनी खरोखर काय खर्च करणार आहे, हे सही करण्यापूर्वी विचारावे, आणि मूळ गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, हा त्यांचा सल्ला मी माझ्या मुलाला वेगळा समजावून सांगितला नाही, कारण तो त्याने स्वतःच वहीत अधोरेखित केला होता. ऑफर हातात पडणे आणि रुजू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी उदाहरणासह सांगितले. २०२२ नंतर बड्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी ऑफर दिलेल्या मुलांचे जॉयनिंग महिनोन्‌महिने लांबवले होते आणि त्या काळात कित्येकांनी दुसरीकडच्या संधी सोडून दिल्या.

एक गोष्ट राहिली, ती मी येथे लिहिते. पहिल्या नोकरीत मिळालेला यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायमचा क्रमांक, पुढच्या प्रत्येक नोकरीत द्यायचा असतो. आमच्याकडे येणाऱ्या तिशीच्या आतल्या मुलांकडे दोन-दोन यूएएन निघतात आणि ते एकत्र करता करता त्यांच्याही आणि माझ्याही नाकीनऊ येतात. नोकरी बदलताना निधी काढून मोबाईल घेण्याचा मोहही आवरावा, कारण सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी काढलेली रक्कम, काही अपवाद वगळता, करपात्र ठरते.

‘पुढील संधी’ या नावाखाली झालेली व्याख्याने हा या वर्गाचा सर्वांत कच्चा भाग आहे. सरकारी क्षेत्रावर बोलायला आलेल्या वक्त्यांनी भरलेल्या वर्गाला भारतीय अभियांत्रिकी सेवा परीक्षा देण्याचा सल्ला दिला. त्या परीक्षेत स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या चारच शाखा आहेत. संगणक शाखेची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच नाही, आणि समोर बसलेल्यांत निम्मी मुले त्याच शाखेची होती. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात आणि त्यांवर काही सार्वजनिक उपक्रमांत भरती होते, एवढी उपयोगी माहिती त्या दीड तासातून हाती लागली.

खाजगी क्षेत्रावरचे व्याख्यान तर हिंजवडी, बेंगळुरू आणि हैदराबाद यांच्यापलीकडे गेलेच नाही. पडद्यावर पॅकेजचे आकडे, उंच इमारतींची चित्रे आणि प्रगतीचे बाण दिसत राहिले. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत यांचा उच्चारही झाला नाही. ज्या शहरातील शिवाजी उद्यमनगरात मिस्त्री लोकांनी ऑइल इंजिने बनवून दाखवली, आणि जेथील फाउंड्र्यांमधून आज देशभरातल्या मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांना कास्टिंगे जातात, त्या शहरात बसून यंत्र शाखेच्या मुलांना हे सांगितले जात होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी येथल्या उद्योगात काम करते म्हणून त्याची भलामण करते आहे, असे कोणाला वाटू नये म्हणून उणेही सांगते. येथे सुरुवातीचा पगार पुण्यापेक्षा कमी असतो. लहान कारखान्यांत कामाचे तास कागदावर आठ आणि प्रत्यक्षात दहा-बारा असतात. प्रशिक्षणाचा वेगळा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी नसतो आणि ‘आमच्या पोरासारखा आहेस’ म्हणून पगारवाढ पुढे ढकलली जाते. हे सर्व मी आतून पाहिले आहे. परंतु याच कारखान्यांत नवा अभियंता पहिल्याच वर्षी पॅटर्नपासून मशीन शॉपपर्यंत सर्व विभागांत फिरतो, रिजेक्शनची बैठक ऐकतो, ग्राहकाच्या तक्रारीचे उत्तर लिहितो आणि आयएटीएफ या वाहन उद्योगातील गुणवत्ता मानकाच्या ऑडिटला कागद घेऊन उभा राहतो. मोठ्या कंपनीत त्याच वर्षात त्याला एकाच लाइनवरचे एकच स्टेशन मिळण्याची शक्यता अधिक असते. दोन वर्षे येथे काढून पुढे चाकणला गेलेल्या मुलांना तेथे चांगल्या जागा मिळाल्याचे मी पाहिले आहे. कोणी कोठे जावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण एक वाट पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायची आणि दारातली वाट दाखवायचीच नाही, याला मार्गदर्शन म्हणता येणार नाही.

त्याच ओघात राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेचाही उल्लेख झाला नाही, याचे मला नवल वाटले. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खालील या योजनेत पदवी किंवा पदविका घेतलेल्या मुलांना कंपनीत एका वर्षाचे प्रशिक्षण मिळते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन पदवीधरांना दरमहा ९,००० आणि पदविकाधारकांना ८,००० रुपये ठरवले, आणि त्या किमान रकमेतील निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. वर्ष पूर्ण झाल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळते. रक्कम थोडी आहे, यात शंका नाही. पण ज्याला कॅम्पसमधून काहीच मिळाले नाही आणि जो घरी बसून अॅप्टिट्यूडची गणिते सोडवत आहे, त्याच्यासाठी एक वर्षाचा रीतसर अनुभव ही लहान गोष्ट नाही. नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. १४ हजार रुपये घेणाऱ्या वर्गाने ही फुकटची गोष्ट सांगायला पाच मिनिटे काढायला हवी होती.

सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, खोली स्वच्छ आहे, पंखे पुरेसे आहेत आणि ध्वनिक्षेपक मधूनच खरखरतो. दुचाकी लावायला जागा मिळते. चारचाकी घेऊन जाणाऱ्याने मात्र राजारामपुरीतला रविवार सकाळचा अनुभव स्वतःच घ्यावा. वेळा पाळल्या जातात. चुकलेल्या सत्राचे ध्वनिचित्रमुद्रण मागितल्यावर मिळते, परंतु ते दोन-तीनदा मागावे लागते. व्हॉट्सअॅपवरच्या गटात भरतीच्या जाहिराती रोज टाकल्या जातात. त्यांतल्या काहींत ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्या सल्लागारांच्याही असतात. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्यांच्या जाहिराती तपासल्याशिवाय पुढे पाठवणे हे अशा वर्गाला शोभत नाही. मी तक्रार केल्यावर ती एक जाहिरात काढून टाकली गेली.

‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ असे वर्गाच्या फलकावर लिहिले आहे. प्रवेश घेताना मी त्याचा अर्थ विचारला, तेव्हा साहाय्य म्हणजे नोकरीची हमी नव्हे, असे संचालकांनी स्पष्टपणे सांगितले. हा प्रामाणिकपणा फलकावरही उतरायला हरकत नव्हती.

यंत्र आणि संगणक शाखेच्या मुलांनी, विशेषतः ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी खाजगी नोकरी केलेली नाही अशांनी, हा वर्ग जरूर करावा. स्थापत्य आणि विद्युत शाखेच्या मुलांनी आपल्या शाखेच्या मुलाखती कोण घेणार आहे, याची चौकशी करूनच पैसे भरावेत. गेट किंवा स्पर्धा परीक्षांकडे ज्यांचा ओढा पक्का आहे, त्यांना येथे काहीच मिळणार नाही. ज्याला केवळ सराव मुलाखती आणि ऑफर लेटरचे सत्र हवे आहे, त्याने संचालकांना तसे विचारून पाहावे. माहितीपत्रकात ही सोय लिहिलेली नाही, पण माझ्या मुलाच्या एका मित्राला चार हजार रुपयांत एवढ्याच सत्रांना बसू दिले होते.